हळद उतरेपर्यंतचा खोपा

लगीनसराई आली की आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही. एरवी ऐकतात असंही नाही, पण या दिवसांत तर माझी किंमत दारातल्या चपलांएवढी. कालपासून नातीच्या, प्राचीच्या, केसांचं चाललंय. पार्लरवाली मुलगी मोठी पेटी घेऊन घरी आली होती. ट्रायल म्हणे. लग्नाला अजून अवकाश आहे, पण केसांची रंगीत तालीम आधीच. पलंगावर शालू पसरलेला, त्यावर दागिन्यांचे डबे उघडे, आणि प्राची आरशासमोर मान ताठ करून बसलेली. ती मुलगी मोबाईलवर चित्रं दाखवत होती. हा खोपा, हा अंबाडा, ही पुढून घेतलेली वेणी, हे अर्धे मोकळे. मी खुर्चीत पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर हातात धरला होता.

ती मुलगी म्हणाली, "शालू एवढा हेवी आहे ना, मग केसपण भरगच्चच पाहिजेत. नाहीतर सगळं अंगावर येतं, चेहरा दिसतच नाही."

हेच बोलणं मी पूर्वी ऐकलंय. तेव्हा इथं ही इमारत नव्हती, आमचं कुडाचं घर होतं, आणि बोलणारी होती माझी बायजा आत्या. तिला हेवी-बिवी म्हणता येत नव्हतं. ती म्हणाली होती, "जड लुगड्याला जड खोपा लागतो गो. नाय तं पोर लुगड्यात हरवतं."

कालपासून पेपर वाचलेला नाही. तो उन्हाळा डोक्यात येऊन बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही. माझी चौथी पुरी झालेली नाही, तरी लिहायला बसलोय. चुकलं तर चुकलं.

आमच्याकडं मीठ आणि लग्नं एकाच उन्हात पिकायची. दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं, की खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं, बांध बांधायचे, कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, तुडवायच्या. माघ सरता सरता पांढरं दिसायला लागायचं. पनवेलच्या बंदरात तेव्हा होड्या लागत होत्या, बाजारात बैलगाड्यांची रीघ असायची, आणि आमच्या खाडीकडच्या वाड्यांतून संध्याकाळी ताशा ऐकू यायचा. आज या गावात, उद्या त्या गावात. दिवसभर मिठात उभं राहून पायांना चिरा पडलेल्या असायच्या, त्या पायांनी पोरं रात्री हळदीत नाचायची. मीठ जखमेत गेलं की झोंबतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

बांधाच्या कडेला केवड्याची बनं होती. केवडा काढायला गेलं की हात रक्ताळून यायचे, आणि घरभर वास सुटायचा. तो वास आला की समजायचं, कुणाची तरी नवरी सजते आहे. आता तिथं काय आहे ते विचारू नका. रस्ता आहे, त्याच्यावर पूल आहे, पुलाखाली पाणी तुंबलेलं आहे. मिठागरं भरून टाकली. प्राचीच्या लग्नाचा हॉल आमच्या कोंड्यांवरच उभा आहे असं मी म्हणतो, आणि मुलगा म्हणतो की नाही, आबा, कोंड्या पलीकडं होत्या. पलीकडं कुठं होत्या ते मला माहीत. तो तेव्हा जन्मला नव्हता.

चांगुणा माझी धाकटी बहीण. बापूस लवकर गेला, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच घरातला कर्ता मी झालो. आई, बायजा आत्या, चांगुणा आणि मी. आत्या बालपणीच विधवा होऊन परत आलेली. चांगुणाचं रूप म्हणाल तर चारचौघींसारखं, पण केस असे की गावातल्या बायका तिच्या मागून चालताना आपला पदर डोक्यावर घ्यायच्या. गुडघ्याला लागायचे. न्हायली की सुकवायला अख्खी दुपार. मिठाची टोपली उचलायची तर आई तिची वेणी आधी कमरेला गुंडाळून खोचायची.

मागणी आली ती त्या वेणीमुळंच. आपट्याच्या अलीकडं पाताळगंगेच्या काठी गाव आहे, तिथल्या एका बऱ्या घरची बाई पनवेलच्या बाजारात आली होती. चांगुणा पाठमोरी उभी राहून सुकी मासळी घेत होती. पोर कुणाची, असं त्या बाईनं विचारलं नाही. वेणी कुणाची, असं विचारलं. आमची आई ही गोष्ट वर्षभर सांगत होती. सांगताना हसायची. माणसाला आपलं वाईट कुठून सुरू झालं ते कळत नाही, आणि तोच भाग तो सगळ्यांना हौसेनं सांगत सुटतो.

सुपारी फुटली. त्या घरची एक रीत होती, ती तेव्हाच आमच्या कानावर घातली गेली. मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर, सासू स्वतःच्या हातानं नवरीच्या खोप्यात सोन्याचं फूल खोवते. फूल घराण्याचं, पिढीजात, तळहाताएवढं. तिच्या सासूनं तिच्या खोप्यात खोवलं, त्या सासूच्या खोप्यात तिच्या सासूनं. फूल बसलं म्हणजे सून घरात बसली, असं ते मानायचे.

मग चांगुणाला ताप आला. मुदतीचा ताप. बाजारातले डॉक्टर येऊन गेले, पेज आणि पाणी सांगून गेले. पोर वाचली. ताप उतरला आणि केस उतरायला लागले. फणी लावली की मूठभर. मग फणी न लावताही. आई सकाळी उशी झटकायची नाही, आधी केस गोळा करायची. आजाऱ्याचे केस वाटेवर पडू देऊ नयेत, कुणाचा पाय पडतो, म्हणून ती ते गाडग्यात भरून आढ्याला टांगून ठेवायची. शिमगा जवळ आला तेव्हा गाडगं भरलं होतं, आणि चांगुणाच्या डोक्यावर कापणी झालेल्या शेतासारखं काहीतरी उरलं होतं. मध्येच चार लांब बटा, बाकी सगळं विरळ. डॉक्टर म्हणाले, येतील परत, वर्ष जाईल. लग्न तर उन्हाळ्यात ठरलेलं.

आता बघा, शालू आणला होता. हिरवा, जरीचा, आमच्या ऐपतीपेक्षा भारी. आईनं आपली ठुशी आणि पाटल्या आधीच काढून ठेवल्या होत्या. एका दुपारी सगळं चांगुणाला चढवून बघितलं. शालू एवढा जड की तिचे खांदे पुढं आले. गळा सोन्यानं भरला, नाकात नथ, आणि वर ते डोकं. बाहेर कावळा ओरडत होता. तेव्हा आत्या ते जड लुगड्याचं बोलली.

चांगुणा म्हणाली, "माज्या डोक्यावर जेवरं हाय तेवरंच बांधा. वरून पदर घ्या. इचारलं तं सांगा, ताप आलता."

"आन् ती फूल कशात खोवंल?" आत्या म्हणाली. "पदरात?"

आई म्हणाली, फूल मांडवात खाली पडलं तर आपलं तोंड कुठं ठेवायचं. लग्न पुढं ढकलू, असंही निघालं. पण पुढं ढकललेलं लग्न म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. लोक कारण विचारत नाहीत, स्वतःच ठरवतात. मी कर्ता. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात आत्यानं आढ्याकडं बोट केलं. म्हणाली, गंगावन करू. बाजारातलं नको, कुणाचे केस असतात, मेलेल्याचे का जितेपणी विकलेले, ते नवरीच्या डोक्याला लावायचे नाहीत. हिचेच केस आहेत, हिलाच लावू.

मला ते पटलं. आजही पटतं. केस चांगुणाचेच होते. तिच्याच डोक्यातून आलेले, तिच्याच डोक्यावर परत गेले. यात खोटं काय?

आत्यानं ते केस रिठ्याच्या पाण्यात धुतले, सावलीत सुकवले, आणि ओटीवर बसून एकेक केस सोडवला. मुळाकडं मूळ, टोकाकडं टोक. काळ्या दोऱ्यानं बांधत बांधत तिनं अख्खी वेणी परत उभी केली. हात फिरवला तर वाटायचं पोर पाठमोरी बसली आहे. चांगुणा त्या ओटीकडं फिरकायची नाही. मागच्या दारानं ये-जा करायची.

लग्नाच्या दिवशी मी मांडवाच्या कामात, पण आत-बाहेर करताना दिसायचं. आत्या विधवा, तिला नवरीच्या डोक्याला हात लावता येत नव्हता. ती उंबऱ्याच्या अलीकडं बसून सांगत होती आणि आई पलीकडं बांधत होती. घट्ट ओढ. अजून. त्या चार बटांना गाठ मार. आता वर घे. खोपा आत दाबून बसव. वरून केवड्याची पात घाल, मग अबोलीचा गजरा. त्या उरलेल्या चार बटांवर सगळा डोलारा ताणून बसवला होता. शालूचा पदर मागं ओढत होता, खोपा मागं ओढत होता, आणि चांगुणाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आलेल्या बायका म्हणाल्या, नवरी रडते, चांगलं असतं. एक म्हणाली, एवढे केस पोसायचे म्हणजे खायचं काम नाही गो. चांगुणा मानही हलवू शकत नव्हती, नाहीतर तिनं काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे.

धवलारीण गात होती. आमच्यात लग्न लावते ती हीच बाई, आणि तिचं गाणं लांबत जातं तसं ऊन चढत जातं. सासू उठली. तिनं फूल पदरातून काढलं, कपाळाला लावलं आणि खोप्यात खोवलं. फूल बसलं. हाललं नाही. सासूनं खोप्यावरून हात फिरवला आणि आपल्या माणसांकडं बघून मान डोलावली. आई माझ्याशेजारी खाली बसली.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरात जेवढा आनंद होता तेवढा नंतर कधीच झाला नाही. आत्यानं स्वतःहून तंबाखू मळून मला दिली.

आता मी सांगतो तुम्हाला, आम्ही काय विसरलो होतो. सगळं गाव जे जाणतं ते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या घरी हळद उतरवतात. अंगणात पाट मांडून नवरा-नवरीला बसवतात, सासरच्या बायका खोपा सोडतात, डोक्यावरून पाणी घालतात. प्रत्येक लग्नात होतं. आईचं झालं होतं, आत्याचं झालं होतं, मी शंभर अंगणांत ते पाणी वाहताना बघितलं होतं. पण आमची सगळ्यांची नजर मांडवावर होती. मांडव पार पडला की पार पडलं, असं धरून बसलो होतो. चांगुणा लग्नाच्या दिवशी केस बांधताना एकदा म्हणाली होती म्हणे, आणि उद्याचं काय. आईला वाटलं, ती सासरचं विचारते आहे, कसं होईल म्हणून. आई म्हणाली, होईल सगळं बरं.

सासूच्या हातात गंगावन आलं. मी तिथं नव्हतो. कुणी किंचाळलं नाही, कुणी हात उगारला नाही, असं चांगुणा सांगायची. ती म्हणायची, पाणी ओतणारी बाई थांबली, एवढंच. अंगावर अर्धी हळद तशीच राहिली.

काल ती पार्लरवाली पेटीतून केसांचं पाकीट काढत होती. प्लॅस्टिकचं. मी विचारलं, हे कुणाचे केस. ती म्हणाली, "कुणाचे म्हणजे? मिळतात आजोबा. हल्ली सगळ्याच लावतात." मी विचारलं, आणि काढताना? तर प्राची म्हणाली, "काढायला नवरा आहे ना, आबा. त्याला तेवढं तरी काम," आणि दोघी हसत सुटल्या. मीही हसलो. हसायला काय जातं. पण मग उठून बाहेर गॅलरीत गेलो.

लोक म्हणतात, काळ बदलला, बरं झालं. झालं असेल. काळ बदलतो तो पुढच्यांसाठी. मागं जे राहिले त्यांच्याकडं तो वळून बघत नाही. ज्या गोष्टीनं एक पोर मोडली, तीच आता पाकिटात घालून खिळ्याला टांगतात, आणि हसतात. हसू नये असं मी म्हणत नाही. ते बघायला चांगुणा असती तर ती हसली असती का, हे मला ठरवता येत नाही. कितीदा ठरवून बघितलं.

आमच्यात पाचव्या दिवशी नवरी माहेरी येते, आणि मग सासरची माणसं येऊन तिला घेऊन जातात. चांगुणा रीतीप्रमाणं आली. दीर गाडीनं सोडून गेला. नारळ होता, तांदूळ होते, सगळं रीतसर. डोक्यावरून पदर घट्ट. आईनं पदर मागं केला. फूल नव्हतं. गंगावन फडक्यात बांधून तिच्या गाठोड्यात घातलेलं होतं.

न्यायला कुणी आलं नाही. एवढंच झालं. भांडण नाही, निरोप नाही, पंचायत नाही. भांडण झालं असतं तर मी भांडलो असतो, मला येत होतं. पण जे नुसतं येत नाहीत त्यांच्याशी काय भांडणार. आई रोज दारात पाणी भरून ठेवायची, पाय धुवायला, आणि संध्याकाळी ते झाडाला घालायची.

शेवटी मी गेलो. चालत गेलो, त्यांच्या गावापर्यंत. सासूनं ओटीवर बसवलं, पाणी दिलं. मी म्हणालो, केस तिचेच होते, तुम्ही डॉक्टरांना विचारा. ती बाई वाईट नव्हती, हे मला आजही सांगावं लागतंय. ती म्हणाली, "केस तिचंच असतील र बाबा. पन फूल खोवताना मना वाटलं, मी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. हात मी कशावर ठेवला, सांग."

उत्तर आलं नाही की मला राग येतो. मी पाणी तसंच ठेवून उठलो आणि म्हणालो, "आमच्या घरात भात हाय. पोर आमाला जड नाय." आणि आलो निघून. वाटेत पाताळगंगेत पाय धुतले.

केस आले. डॉक्टर म्हणाले होते तसेच आले. त्या सगळ्यात एवढीच एक गोष्ट सांगितली तशी घडली. पावसाळाभर आई माक्याचं तेल लावत होती. आधी कानापर्यंत, मग मानेवर, मग खांद्यावर. पूर्वीसारखे दाट. आई फणी फिरवायची आणि रडायची. जसजसे केस वाढत तसतसं आईचं रडणं वाढत गेलं, कारण आता सांगायला कारण उरलं नव्हतं. पोर धडधाकट, केस खांद्यापर्यंत, आणि घरात बसलेली. आत्या तिच्या समोर यायची नाही. त्या वर्षी आत्या जी खाटेला लागली ती उठलीच नाही.

चांगुणा आमच्याच घरात पिकली आणि आमच्याच घरातून गेली. माझं लग्न झालं, पोरं झाली, ती तिनंच सांभाळली. लग्नाच्या मांडवात ती कधी गेली नाही. माझ्या मुलाच्याही नाही. लोकांना वाटायचं, मानी आहे. असेलही. आमच्या रक्तातच ते आहे. केस शेवटपर्यंत होते, पांढरे झाले तरी दाट. कुणी कौतुक केलं की उठून आत जायची.

पण एक दिवस सांगायचा राहिला.

पुढच्या वर्षीची लगीनसराई. मीठ धरलं होतं, आम्ही दुपारी जेवायला घरी आलो होतो. चांगुणा न्हायली होती, केस सुकवत मागच्या अंगणात बसलेली. दारात गाडी थांबली. तिचा नवरा, महादू, एकटाच. उंच, हडकुळा, बोलताना खाली बघणारा. मी त्याला ओटीवर बसवलं. माझ्या डोक्यातला राग कुठं गेला कुणास ठाऊक. मी आईला डोळ्यांनीच खूण केली, गाठोडं बांध. आई आधीच आत पळाली होती.

चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली. केस बांधायला वेळ मिळाला नव्हता, खांद्यांवर तसेच ओले. महादूनं पहिल्यांदा मान वर केली. बघतच राहिला. म्हणाला, "आलं की गो केस. चल. आयेनंच धाडलाय. कोन तरी सांगलं तिला, केस आलं म्हनून."

चांगुणानं तांब्या खाली ठेवला. अगदी हळू आवाजात बोलली, मला ओटीच्या टोकाला ऐकू आलं एवढंच.

"केस बघून मागनी घातलीत. केस बघून सोडलीत. आता केस बघून न्यायला आलाव. मना कवा बघनार?"

महादू तांब्याच्या काठावर बोट फिरवत राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ते मला दिसत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, एक शब्द बोल, मी तिला हाताला धरून गाडीत बसवतो. तो उठला. म्हणाला, "आयेला इचारून येतंय."

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तिघं तिथंच उभे होतो. आईच्या हातात गाठोडं. आई म्हणाली, येईल गो, म्हणालाय ना इचारून येतो, असा कसा येणार नाय.

आमच्याकडं जावई आला की आधी बैल सोडतो. बैल झाडाखाली बांधतो, मग पाय धुतो, मग ओटीवर चढतो. जेवल्याशिवाय त्याला कुणी जाऊ देत नाही, हे बैलांनाही कळतं.

चांगुणानं केस पिळून वर बांधले, त्यावर फडकं आवळलं, आणि मिठाची टोपली उचलता उचलता विचारलं, "त्यानं बैल सोडलं व्हतं काय, आये?"

बैल जुंपलेलेच होते.